आठशे शहाण्णव

निपाणीत, जुन्या तंबाखू अड्ड्याच्या मागं
आमची पतसंस्था. पंखा एकच.
द्रुपदाबाई कुऱ्हाडे काउंटरवर पासबुक ठेवतात.
वखार बंद होऊन अकरा वर्षं झाली,
बोटांचा जर्द्याचा वास गेलेला नाही.

"काय शोधूलालास एवढं?"
तुमचं नाव, बाई.
"पासबुकावर हाय की."
आहे. माझ्या पडद्यावरही आहे.
अक्षराला अक्षर लावून बघितलं, केसाचा फरक नाही.
मशीन म्हणतंय: नोंद आढळली नाही.

"मग मी कोण हुभी हाय?"

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
मी त्यांचं नाव टाक्याटाक्यानं उसवलं.
क म्हणजे तेवीसशे पंचवीस.
पायात उकार, तो वेगळा आकडा.
मग तो र, पापणीएवढा, ह ला डावीकडून टेकलेला.
अर्ज भरणाऱ्या नव्या पोरानं तो लिहिलाय
टिंबाचा र आणि हलन्त, असा सरळ.
खातं उघडणाऱ्या बाळकू कारकुनानं
साधा र घेतला, हलन्त दिला,
आणि पुढं ठेवलं एक अक्षर
ज्याला रुंदीच नाही.
शाई लागत नाही त्याला, जागा लागत नाही.
पुढच्याला धरून राहा, एवढंच ते शेजाऱ्याला सांगतं.
नंबर मात्र आहे: आठ हजार दोनशे पाच.

म्हणजे एक द्रुपदाबाई आठ आकड्यांच्या,
एक नऊ.
ठेव नऊवालीच्या नावावर,
अर्ज आठवालीचा.

चन्नवीर मास्तर व्याजाचं विचारायला आले होते, थांबले.
संकेश्वरला कन्नड शिकवून रिटायर झालेले.
मी काढून ठेवलेला अक्षरांचा तक्ता
त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन वाचला.
"तुमचा क किती? आमचा किती? वजा करा."
आठशे शहाण्णव.
"ग?" आठशे शहाण्णव.
"ळ?" तेवढेच. ळ दोघांकडं आहे, हे त्यांनी
बोट ठेवून पुन्हा एकदा दाखवलं.
मी म्हटलं, जुन्या पद्धतीत तर नंबरही एकच होता, मास्तर,
ओळीच्या सुरुवातीला फक्त सांगायचं
अंगरखा कुठला घालायचा ते.
मास्तर काही बोलले नाहीत.
ज्या वर्षी त्यांच्या गल्लीतल्या पाट्यांना डांबर फासलं
त्या वर्षी ते तिथंच राहत होते. मीही.

मग मी टिंबाच्या र मध्ये आठशे शहाण्णव मिळवले.
पडद्यावर आलं: ಱ

"अय्यो," मास्तर म्हणाले, "हा कुठून आला?
शकट रेफ. गाडीचं चाक.
शिलालेखात भेटतो. पोरांना मी कधी शिकवलाच नाही,
लिहितो कोण आता?"
लिहीत नाही कुणी. खोली मात्र त्याच्या नावानं आहे,
तेवीसशे त्रेपन्नच्या बरोबर समोर.
मास्तर बराच वेळ तिकडं बघत होते,
व्याजाचं विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या समोरच दुरुस्ती केली.
बाळकूचं न दिसणारं अक्षर एकदाच खोडलं
तर र टुणकन उडून ह च्या डोक्यावर बसला:
कुर्हाडे.
"हे न्हवं," बाई म्हणाल्या.
त्यांना वाचता येत नाही.
मी विचारलं, कसं कळलं?
"वर काय नव्हतं कधी त्येच्या. डोकं मोकळं होतं."

बरोबर. टिंबाचा र घातला. मशीननं ओळखलं.
सतरा हजार चारशे, त्यांनी दोनदा मोजून
पोलक्यात ठेवले, आणि पिशवीतनं
रेशनकार्ड काढलं.
"आता हे बघ की."
कन्नड मला सावकाश वाचता येतं.
कु. रा. डे.
ह नाहीच. कचेरीतल्या कुणाच्या तरी कानातच राहिलाय.
वजाबाकी करून उपयोग नव्हता.
मी म्हटलं, हे आमच्याकडं होत नाही, बाई,
चिक्कोडीला जावं लागेल कदाचित.

"कवा जायाचं?"
विचारून सांगतो.
"सोमवारी येतो मी," म्हणाल्या,
आणि पायरी उतरताना
स्वतःशीच एकदा पूर्ण नाव म्हणून बघितलं,
ह वर जरा जोर देऊन.